एक मात्रा

सगळ्यात आधी वाघ बाहेर काढला.
भुसा भरलेला, एक कान उंदरांनी नेलेला.
चौघांनी उचलून व्हरांड्यात ठेवला
तर ठेकेदार म्हणाला, याचं वजन तर काहीच नाही जी.
मग नाणी, ताम्रपट,
शिळावर्तुळात सापडलेलं गंजकं पातं.
भिंतींना नवा रंग, फायलीत त्याचं नाव हस्तिदंती.
छताला जिप्सम. कपाटांना आतून दिवे.

तोवर माझ्याकडे काम दुसरं :
पत्र्याची एक पेटी, सात वस्तू, सात चिठ्ठ्या,
रिक्षाच्या मागे बॅनर, ‘वारसा तुमच्या दारात’.

हंसापुरीत एका कुलूपवाल्यानं
आमचं पितळी कुलूप चहा निवायच्या आत उघडलं.
किल्ली हरवल्याला चाळीस वर्षं झाली होती.
आत काही नव्हतं, कुलूपच ते,
तरी सगळे वाकून बघत राहिले.
जरीपटक्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, सक्करचं काही आहे?
नव्हतं.
तरी त्यानं एकेक वस्तू पाहिली,
पाहुणा नवं घर पाहतो तशी, सावकाश, मान डोलावत.

गोळीबार चौकातलं समाजमंदिर. खुर्च्या चौदा,
माणसं नऊ, दारात एक बकरी.
शेवटी धोटा काढला.
शिसवीचा, वीतभर, टोकांना पितळ.
चिठ्ठी माझीच :
हातमागाचा धोटा. अंदाजे १९३०. कारागीर : निनावी.

एक बाई उठली. लुगड्याला हात पुसून
तिनं तो सरळ उचललाच.
हातमोजे घाला, असं म्हणायचं असतं अशा वेळी.
मी म्हटलं नाही.
अंगठा लाकडावरून सरकत गेला
आणि एका खाचेत थांबला.
‘हा डावऱ्या हाताचा होय.’
कशावरून, बाई?
‘कोन्या अंगानं घासला, पाहा ना.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या मी.’
पाहिलं.
सव्वीस वर्षं धूळ पुसत होतो त्याची,
पाहिलं त्या दिवशी.

नात चिठ्ठी वाचत होती, शाळेतल्यासारखी,
का-रा-गीर, नि-ना-वी.
बाई म्हणाली, ‘चुकलं जी तुमचं.
निनावी नाही, निनावे. आमचं आडनाव होय ते.
माहा आजेसासरा डावऱ्या होता.
मी नाही पाह्यलं त्याले, सासू सांगे.
लिहिनाऱ्यानं मात्रेची वेलांटी केली असन.’

लोक हसले. मीही हसलो.
बाई धोटा हातात धरून उभी.

रात्री जुनं रजिस्टर उघडलं.
‘धोटा, नग एक. आणे दोन.’
नावाच्या रकान्यात शाई फुटलेली,
तिच्यातून एक रेघ वर गेलेली.
मात्रा असेल.
वाळवीची वाट असेल.

साहेब म्हणाले, पुरावा काय?
त्या गल्लीत अर्धे निनावे,
उरलेले पराते, धकाते, सोरते,
आणि डावखुरे काय एकाच घरात जन्मतात?
बरोबर आहे त्यांचं.
मी त्या अंगठ्याबद्दल सांगायला गेलो
आणि रंगाऱ्यांचं बिल आलं.

आता नव्या चिठ्ठ्यांची प्रूफं आली आहेत.
उद्घाटनाची तारीख दोनदा पुढे गेली,
वाघ अजून व्हरांड्यातच,
दुपारी त्याच्या सावलीत गवंडी डबा खातात.
मी लाल पेन घेऊन बसलो आहे.

वेलांटी खोडली.
मात्रा दिलेली नाही.
कारागीर : निनाव

सोमवारी आम्ही बंद असतो.
बाईला सोमवारी बोलावलं आहे, नातीसकट.
म्हणाली, येतो जी, पन मले लिहिता येत नाही,
अंगठा चालते का?